संयुक्त क्रियापदाची नकारपरीक्षा

१

इंग्रजी आणि मराठी या दोन भाषा एकमेकींच्या साहाय्याने शिकवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या त्यांना एका भाषेतील प्रयोगाशेजारी दुसऱ्या भाषेतील प्रयोग मांडून पाहण्याची सवयच लागली. ही सवय वाईट नाही. पण तिच्यातून काही जोड्या अशा रूढ होतात की त्यांची पुन्हा तपासणी करण्याचे कोणाला सुचत नाही. इंग्रजीतील ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणजे मराठीतील संयुक्त क्रियापद, ही अशीच एक जोडी आहे. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, ‘थ्रो अवे’ म्हणजे फेकून देणे, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे खपवून घेणे, अशा याद्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत सर्रास आढळतात. मूळ क्रियापदाशेजारी इंग्रजीत एक अव्यय येऊन बसते, मराठीत दुसरे क्रियापद येऊन बसते, आणि दोन्ही ठिकाणी मूळ अर्थाला काही वेगळी छटा येते. तेव्हा दोन्ही रचना एकाच जातीच्या, असा निष्कर्ष सहज निघतो.

माझाही तोच समज होता. काही वर्षांपूर्वी वाईत पदव्युत्तर वर्गाच्या भाषांतराच्या वह्या तपासत असता ‘शी डिड नॉट गिव्ह अप द जॉब’ या वाक्याचे ‘तिने नोकरी सोडली नाही’ असे भाषांतर एका विद्यार्थिनीने केलेले दिसले. मी अर्धा गुण कापला आणि समासात लिहिले : ‘अप’चा अर्थ राहिला. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. तिने तक्रार केली नाही, एवढेच विचारले, “सर, ‘नोकरी सोडून दिली नाही’ असे आपण बोलताना म्हणतो का?” मी उत्तर देण्यासाठी ते वाक्य मनात म्हणून पाहिले आणि अडखळलो. ‘तिने नोकरी सोडून दिली’ हे वाक्य जितक्या सहजतेने जिभेवर येते, तितक्या सहजतेने त्याचा नकार येत नाही. तो ऐकताच कोणीतरी आधी ‘तिने नोकरी सोडून दिली’ असे म्हटले असावे आणि आपण त्याचे खंडन करीत असावे, असे वाटते. साध्या निवेदनात मराठी माणूस ‘सोडली नाही’ असेच म्हणतो.

अर्धा गुण मी परत दिला. परंतु प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. होकारार्थी वाक्यात जे दुसरे क्रियापद इतके आवश्यक वाटते ते नकाराचा स्पर्श होताच का गळून पडते? आणि इंग्रजीतील ‘अप’ मात्र नकारातही आपल्या जागी का टिकून राहतो? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. संयुक्त क्रियापदाविषयीचे आपले व्याकरणातील विवेचन जवळजवळ सर्वस्वी होकारार्थी उदाहरणांवर उभारलेले आहे, आणि म्हणूनच त्या नावाखाली निरनिराळ्या जातींच्या रचना एकत्र कोंबल्या गेल्या आहेत, असे माझे प्रतिपादन आहे. नकार ही त्यांना वेगळे करणारी चांगली कसोटी आहे.

२

प्रथम रूढ व्याख्या पाहू. धातुसाधित आणि सहायक क्रियापद मिळून जेव्हा एकाच क्रियेचा बोध होतो तेव्हा त्या जोडीस संयुक्त क्रियापद म्हणावे, असे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. ‘मुले खेळू लागली’ येथे खेळणे आणि लागणे अशा दोन क्रिया नाहीत. म्हणून ते संयुक्त क्रियापद. ‘तो जेवून गेला’ येथे जेवणे वेगळे आणि जाणे वेगळे. म्हणून ते संयुक्त क्रियापद नव्हे. ‘त्याने आंबा खाऊन टाकला’ येथे खाणे ही एकच क्रिया आहे, काही टाकलेले नाही. म्हणून ते पुन्हा संयुक्त क्रियापद.

ही कसोटी अर्थाची आहे, रूपाची नाही. आणि अर्थाच्या कसोटीत ‘एकच क्रिया’ म्हणजे काय हे ठरवण्याचे काम वाचकाच्या अंतर्ज्ञानावर सोपवलेले असते. ‘पाहून घेतले’ यात क्रिया एक की दोन? ‘नेऊन सोडले’ यात? ‘लिहून दिले’ यात? कागद लिहिला आणि हातात दिला असा अर्थ घेतला तर क्रिया दोन. दुसऱ्यासाठी लिहिले एवढाच अर्थ घेतला तर क्रिया एक. वर्गात अशा उदाहरणांवर तासन्‌तास वाद रंगतो आणि शेवटी शिक्षकाचे मत ग्राह्य धरले जाते. कसोटी निर्णय देत नसेल तर ती कसोटी कसली?

या विवेचनाची परंपरा लहान नाही. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. याच सातारा जिल्ह्यातील टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ मध्ये वाक्यमीमांसेवरील पुस्तकाद्वारे वाक्यपृथक्करणाचा विषय मराठीत आणला. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आले आणि आजही त्याच्या तोडीचा संग्राहक ग्रंथ आपल्याकडे नाही. पुढे अरविंद मंगरूळकर यांनी १९६४ मध्ये ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ लिहिला, आणि कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी १९८७ मध्ये ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ या ग्रंथात जुन्या मतांची झडती घेतली. संस्कृत आणि इंग्रजी व्याकरणांच्या साच्यांतून मराठीने किती घ्यावे, हा प्रश्न या सर्व परंपरेत या ना त्या रूपाने वावरतो. माझे म्हणणे त्या थोर प्रश्नापेक्षा पुष्कळच लहान आहे. साचा कोठलाही असो, उदाहरणे होकाराचीच घेतली तर निष्कर्षही एकांगी येणार.

३

आता वर दिलेल्या प्रकारच्या चार वाक्यांना नकार लावून पाहू. पुढील निर्णय माझ्या कानाचे आहेत. वाचकांनी ते आपापल्या कानाशी पडताळून पाहावेत.

पहिले वाक्य : ‘तो जेवून गेला.’ याचा नकार ‘तो जेवून गेला नाही.’ या वाक्याचा सर्वांत सहज अर्थ कोणता? तो गेला, पण जेवला नाही. ‘नाही’ हा शब्द ‘गेला’ला चिकटून उभा आहे, तरी त्याचा आघात मात्र मागच्या ‘जेवून’वर होतो. जाणे अबाधित राहते. म्हणूनच यजमानीण तक्रार करते, “पाहुणे आले होते, पण जेवून गेले नाहीत.” पाहुणे अद्याप घरातच आहेत असे कोणी समजत नाही.

दुसरे वाक्य : ‘मुले खेळू लागली.’ याचा नकार ‘मुले खेळू लागली नाहीत.’ येथे नाकारला जातो तो आरंभ, म्हणजे दुसऱ्या क्रियापदाचा अर्थ. आरंभच झाला नाही म्हटल्यावर खेळणेही झाले नाही हे ओघाने आले, पण नकाराचे लक्ष्य ‘लागणे’ हे आहे. ‘तो चालू शकला नाही’ येथेही नाकारले जाते ते सामर्थ्य. जोडी मोडत नाही, कोणतेही पद गळत नाही, वाक्य पूर्णपणे स्वाभाविक राहते.

तिसरे वाक्य : ‘तिने त्याचा उद्धटपणा खपवून घेतला.’ याचा नकार ‘तिने त्याचा उद्धटपणा खपवून घेतला नाही.’ येथे नकार दोन्ही पदांना मिळून लागतो. ‘घेतला पण खपवला नाही’ किंवा ‘खपवला पण घेतला नाही’ असे काही निघत नाही. ‘घेणे’ गाळून ‘तिने उद्धटपणा खपवला नाही’ असे म्हटले तर अर्थच बदलतो. खपवणे म्हणजे माल खपवणे. सारांश, येथे दोन पदांचा एक शब्द झालेला आहे, कोशात स्वतंत्र जागा मागणारा.

चौथे वाक्य : ‘त्याने आंबा खाऊन टाकला.’ याचा नकार काय? ‘त्याने आंबा खाऊन टाकला नाही’ असे निवेदन, मागचापुढचा संदर्भ नसता, मराठी माणूस करीत नाही. तो म्हणतो, ‘त्याने आंबा खाल्ला नाही.’ ‘तो नाव विसरून गेला’ याचा नकार ‘तो नाव विसरला नाही.’ ‘मूल झोपून गेले’ याचा नकार ‘मूल झोपले नाही.’ ‘तिने सगळे सांगून टाकले’ याचा नकार ‘तिने काही सांगितले नाही.’ ‘सभेने ठराव फेटाळून लावला’ याचा नकार ‘सभेने ठराव फेटाळला नाही.’ प्रत्येक ठिकाणी दुसरे क्रियापद नकाराच्या उंबरठ्याबाहेर राहते.

एकाच कसोटीला चार निरनिराळी उत्तरे मिळाली. पहिल्यात नकार पूर्वपदावर पडतो, दुसऱ्यात उत्तरपदावर, तिसऱ्यात दोहोंवर मिळून, आणि चौथ्यात जोडीच टिकत नाही. रूढ व्याकरण यांपैकी पहिल्याला वगळते आणि उरलेल्या तिन्हींना एकच नाव देते. ‘एकच क्रिया’ या निकषावर ते तिन्ही उतरतात हे खरे. पण भाषेच्या वागणुकीत त्यांच्यात जेवढे अंतर आहे, तेवढे त्यांच्यात आणि पहिल्यातही आहे.

यास आणखी एक पुरावा देता येतो. नकार ‘नाही’ने न करता ‘न’ने केला तर तो ‘न’ कोठे बसतो हे पाहावे. पहिल्या प्रकारात तो पूर्वपदाच्या आधी जातो : ‘तो न जेवता गेला.’ तिसऱ्या प्रकारात तो दोन पदांच्या मध्ये शिरतो, पण जोडी शाबूत राहते : ‘उद्धटपणा खपवून न घेता तिने त्याला बाहेर काढले.’ चौथ्या प्रकारात मात्र ‘न’ येताच ‘टाकणे’ नाहीसे होते : ‘आंबा न खाता तो उठला.’ ‘आंबा खाऊन न टाकता तो उठला’ हे ऐकताना कान थबकतो. नकाराचा शब्द बदलला, वाक्यातील त्याची जागा बदलली, तरी वर्गीकरण तेच राहिले. कसोटी विश्वसनीय आहे याची ही खूण होय.

४

नकार वाक्यातील नेमक्या कोणत्या अंशाला लागतो, हा प्रश्न नवा नाही; आणि वाईत बसून तो नवा म्हणून मांडणे तर शोभणारही नाही. येथील प्राज्ञपाठशाळेतून स्वामी केवलानंद सरस्वतींचा ‘मीमांसाकोश’ १९५२ ते १९६६ या काळात सात भागांत प्रसिद्ध झाला. मीमांसकांनी निषेधवाक्यांची चर्चा करताना हाच प्रश्न अधिक सूक्ष्म पातळीवर विचारला होता. त्यांच्या मते क्रियापदात दोन अंश असतात : धातू आणि प्रत्यय. कलंज नावाचा पदार्थ खाऊ नये, या वाक्यात नञ्‌चा संबंध प्रत्ययाने सांगितलेल्या विधीशी जोडावा. मग त्यातून निवृत्ती, म्हणजे खरा प्रतिषेध निघतो. परंतु उगवत्या सूर्याकडे पाहू नये, हे वाक्य व्रताच्या प्रकरणात आलेले असल्यामुळे तेथे नञ् धातूशी जोडावा. मग ‘न पाहण्याचा संकल्प करावा’ असा विधायक अर्थ मिळतो. याला ते पर्युदास म्हणतात. दोन्ही वाक्यांत शब्दांची ठेवण सारखीच. भेद पडतो तो नकाराच्या संबंधामुळे.

पाश्चात्त्य अभ्यासात ऑटो येस्पर्सन यांनी १९१७ मध्ये नकारावर जो प्रबंध लिहिला, त्यातही संपूर्ण विधानाचा नकार आणि एखाद्या विशिष्ट पदाचा नकार असा भेद केलेला आहे. दोन परंपरांचे हेतू वेगळे होते; एकीला धर्माचे ज्ञान हवे होते, दुसरीला भाषांचा इतिहास. तथापि नकार हा वाक्याला बाहेरून लावलेला शिक्का नसून तो वाक्याच्या आत शिरून कोणत्या तरी अंशाला धरतो, ही गोष्ट दोघांनीही ओळखली. मीमांसकांनी तर एका क्रियापदाच्या आतसुद्धा हा शोध घेतला. दोन पदांच्या संयुक्त क्रियापदात तो घेण्यास आपण संकोच करण्याचे कारण नाही.

५

आता इंग्रजीकडे वळू. ‘फ्रेजल व्हर्ब’ ही संज्ञा लोगन पिअर्सॉल स्मिथ यांच्या १९२५ मधील ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’ या पुस्तकामुळे प्रचारात आली, आणि ड्वाइट बोलिंजर यांनी १९७१ मध्ये या रचनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नकाराच्या दृष्टीने पाहता या क्रियापदांचे दोन वर्ग सहज दिसतात.

एका वर्गात अव्यय आणि क्रियापद मिळून अर्थाचा नवा पिंड तयार झालेला असतो. ‘गिव्ह अप’ यात ‘गिव्ह’चा देण्याशी आणि ‘अप’चा वर जाण्याशी काही संबंध उरलेला नाही. ‘ही डिड नॉट गिव्ह अप’ येथे नकार त्या संपूर्ण पिंडाला लागतो. अव्यय गाळले तर वाक्य कोसळते. हे आपल्या ‘खपवून घेणे’सारखे झाले.

दुसऱ्या वर्गात अव्यय क्रियेची व्याप्ती सांगते. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ यांत ‘अप’चा अर्थ ‘पुरते, शेवटपर्यंत’ असा आहे. ‘ही डिड नॉट ईट अप हिज डिनर’ या वाक्यातून तो जेवलाच नाही असा अर्थ सहसा निघत नाही. जेवला, पण पानात काही राहिले, असा निघतो. येथे नकार नेमका ‘अप’वर पडला आणि खाणे बचावले. आता याची मराठी ‘खाऊन टाकणे’ या जोडीशी तुलना करावी. होकारात ‘ईट अप’ आणि ‘खाऊन टाकणे’ जुळे भाऊ वाटतात. नकारात इंग्रजी अव्यय नकाराचा सगळा भार आपल्या अंगावर घेते, आणि मराठी सहायक क्रियापद नकार दिसताच निघून जाते. ‘त्याने जेवण खाऊन टाकले नाही’ असे म्हणून ‘थोडे जेवला’ हा अर्थ आपल्याला सांगता येत नाही. त्यासाठी ‘त्याने पान संपवले नाही’ किंवा ‘सगळे खाल्ले नाही’ अशी वेगळी वाट धरावी लागते.

हा फरक का पडतो? ‘अप’ व्याप्तीचे माप सांगते, आणि माप खोटे ठरवता येते. इतके झाले, तितके झाले नाही, असे म्हणता येते. ‘टाकणे’ माप सांगत नाही. क्रिया पार पडली हे धरून चालून, ती कशी पार पडली हे ते सांगते : एकदाची उरकली, हातावेगळी झाली, मागेपुढे न पाहता केली. ‘सांगून टाकले’ यात सांगण्याचे प्रमाण नाही, सांगणाऱ्याचा सुटकेचा निःश्वास आहे. ‘बोलून गेला’ यात जाणे नाही, अनवधान आहे. ‘हरवून बसला’ यात बसणे नाही, हताशपणा आहे. ही सर्व घडून गेलेल्या क्रियेची वर्णने आहेत. क्रियाच घडली नाही असे म्हटल्यावर ती कशी घडली हे सांगण्यास जागा कोठे उरते?

हिंदीत हीच प्रवृत्ती आढळते. पीटर हुक यांनी १९७४ मधील ‘द कंपाउंड व्हर्ब इन हिंदी’ या ग्रंथात नकार आणि संयुक्त क्रियापद यांच्यातील या वैराची दखल घेतली आहे. कॉलिन मॅसिका यांनी १९७६ मध्ये दक्षिण आशियातील भाषांची समान लक्षणे तपासताना अशा क्रियापदांना महत्त्वाचे स्थान दिले. तेव्हा ही मराठीची एकटीची लहर नव्हे. इंग्रजी रचनेशी जोडी लावण्याच्या घाईत आपण आपल्या शेजारच्या भाषांशी असलेले नाते मात्र पाहावयाचे विसरलो.

६

येथपर्यंतच्या विवेचनावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. चौथ्या प्रकारच्या जोड्या नकारात येतच नाहीत, असे म्हणता येईल काय? येत नाहीत म्हणावे तर पुढील वाक्ये काय सांगतात?

‘सगळे लाडू खाऊन टाकू नकोस.’

‘तो रागाने निघून तर गेला नाही ना?’

‘किल्ली हरवून बसली नाहीस ना?’

‘ती तेव्हा बोलून गेली नसती तर आज हा प्रसंग आला नसता.’

‘पत्र लिहून टाकत नाही तोवर मला चैन पडणार नाही.’

ही पाचही वाक्ये स्वाभाविक मराठी आहेत, आणि पाचांतही नकार आहे. त्यांच्यामुळे वर सांगितलेला नियम मोडतो असे प्रथम वाटते. थोडे थांबून पाहिले तर तीच त्या नियमाचे खरे स्वरूप उघड करतात.

पहिल्या वाक्यात आई मुलाला बजावते, कारण तो लाडवांचा फडशा पाडील हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे उभे आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यात बोलणाऱ्याला भीती वाटते ती नेमकी त्या घडून गेलेल्या गोष्टीची. ‘ना’ हा शब्द त्या भीतीचा पदर आहे. चौथ्यात ‘नसती’ म्हटले असले तरी ती बोलून गेली होती, हे दोघांनाही ठाऊक आहे. पाचव्यात ‘नाही तोवर’ याचा खरा अर्थ ‘लिहून टाकीन तेव्हाच’ असा आहे. म्हणजे या सर्व वाक्यांत व्याकरणदृष्ट्या नकार असला तरी क्रियेची पूर्ती मनात हजर आहे : कोठे धास्ती म्हणून, कोठे आठवण म्हणून, कोठे अपेक्षा म्हणून. वर्णन करावयास काहीतरी उपस्थित असल्यामुळे वर्णन करणारे क्रियापदही टिकते.

‘तो निघून गेला नाही, ओसरीवरच बसून राहिला’ यासारख्या वाक्याचेही उत्तर येथेच मिळते. तो जाईल असे सर्वांना वाटत होते. त्या अपेक्षेचे हे खंडन आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या वाक्याचेही तेच. ‘तिने नोकरी सोडून दिली’ अशी वार्ता गावात पसरली असेल तर ‘छे, सोडून दिली नाही, रजेवर गेली आहे’ असे आपण म्हणू. वार्ता नसेल तर ‘सोडली नाही’ एवढे पुरे.

तेव्हा नियम असा मांडावा लागतो : ज्या जोडीतील दुसरे क्रियापद क्रियेच्या पूर्तीचे वर्णन करते, ती जोडी नकारात तेव्हाच येते, जेव्हा त्या पूर्तीची कल्पना बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांच्या मनात आधीच जागी असते. कोऱ्या निवेदनात ती येत नाही. हा नियम रूपाचा नाही, संवादाचा आहे. आणि म्हणूनच एकेकटी वाक्ये समोर ठेवून व्याकरण रचणाऱ्यांच्या दृष्टीतून तो निसटला असावा.

७

एक शेवटचा मुद्दा नकाराकडे ओढा असलेल्या जोड्यांचा. इंग्रजीत काही फ्रेजल क्रियापदे नकाराच्या सावलीतच अधिक वावरतात. ‘पुट अप विथ’ हे ‘विल नॉट’ वा ‘कॅनॉट’ यांच्या सोबतीने वारंवार येते. पाऊस ‘लेट अप’ होत नाही असे म्हणण्याची रीत आहे. एखादी गोष्ट मान्य नाही हे सांगण्यास ‘आय डोन्ट होल्ड विथ इट’ असे म्हणतात आणि त्याचा होकार क्वचितच ऐकू येतो. मराठीतही ‘खपवून घेणार नाही’, ‘चालवून घेणार नाही’, ‘ऐकून घेणार नाही’ हे प्रयोग त्यांच्या होकारांपेक्षा कानाला अधिक परिचयाचे आहेत. दोन भाषांत खरे साम्य आढळते ते येथे. दोन्हीकडे पदे एकजीव होऊन कोशातील शब्द बनली आहेत, आणि दोन्हीकडे त्या शब्दांना सहनशीलतेची मर्यादा सांगण्याचे काम मिळाले आहे. फ्रेजल व्हर्ब आणि संयुक्त क्रियापद ही जोडी सरसकट खोटी नाही. ती तिसऱ्या प्रकारापुरती खरी आहे. चौथ्या प्रकाराला तिने आपल्यात ओढले, ही तिची चूक.

या निष्कर्षाचे व्यवहारातील परिणाम तीन. पहिला भाषांतराचा. इंग्रजी नकारवाक्य पुढे आले की आधी होकारी जोडी आठवून तिला ‘नाही’ लावण्याची सवय सोडली पाहिजे. त्या सवयीतूनच ‘समितीने मागणी फेटाळून लावली नाही’ यासारखी, संदर्भावाचून अवघडलेली वाक्ये छापली जातात. दुसरा इंग्रजी शिकवण्याचा. मराठीत दुसरे पद नकारात गळते, म्हणून विद्यार्थी इंग्रजीतही ‘ही डिड नॉट गिव्ह स्मोकिंग’ असे लिहून जातो. अशी वाक्ये मी वह्यांत पाहिली आहेत. त्याला बेफिकीर ठरवण्यापूर्वी तो आपल्या मातृभाषेचा एक सूक्ष्म नियम नकळत पाळत आहे, हे शिक्षकाने ओळखावे. कारण कळले की दुरुस्ती सोपी जाते. तिसरा परिणाम व्याकरणाचा. ‘एकाच क्रियेचा बोध’ या निकषाच्या जोडीला नकारपरीक्षा ठेवावी. आणि ‘खेळू लागणे’, ‘खपवून घेणे’, ‘खाऊन टाकणे’ यांना एका नावाखाली ठेवावयाचेच असेल तर निदान त्या नावाचे तीन पोटभेद करावेत.

नकारपरीक्षेलाही मर्यादा आहेत. ‘सोडून देणे’, ‘फेकून देणे’ यांसारख्या जोड्या तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारांच्या सीमेवर उभ्या आहेत. ‘पत्र फेकून न देता जपून ठेवले’ हे वाक्य सहज वाटते, तर ‘त्याने पत्र फेकून दिले नाही’ हे संदर्भ मागते. जोडी रूढ होत होत एकजीव शब्दाकडे सरकत असता मध्ये असा काळ येणारच. कोणती जोडी कोठवर आली आहे हे कालानुक्रमे तपासण्याचे काम जुन्या गद्याच्या आधारे करण्याजोगे आहे, आणि पदव्युत्तर प्रबंधास तो चांगला विषय होईल.

त्या विद्यार्थिनीला मी अर्धा गुण परत दिला तेव्हा समासातील माझी टीपही खोडली. त्या ठिकाणी दुसरी टीप लिहावयास हवी होती, ती तेव्हा सुचली नाही : भाषांतर योग्य आहे, तपासणाऱ्याने नकाराकडे लक्ष दिले नाही.